घोरणं, अडकलेला श्वास आणि हृदय : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बीपीवरच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी जाता जाता लिहिलं होतं की गोळ्या घेऊनही बीपी ऐकत नसेल तर रात्री घोरता का तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. त्या एका ओळीवर इतके मेल आणि मेसेज आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. बहुतेक पत्रं बायकांची आहेत आणि नवऱ्यांबद्दल आहेत, म्हणजे आजार एकाचा आणि झोपमोड दुसऱ्याची. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझे मिस्टर ५२ वर्षांचे आहेत, आमचं किराणा दुकान आहे. घोरणं लग्नापासूनचंच पण आता काही वर्षं घोरता घोरता एकदम शांत होतात, मला वाटतं लागली बिचाऱ्यांना झोप, आणि मग घुसमटल्यासारखा मोठा आवाज करून श्वास घेतात. मी घाबरून हलवते तर माझ्यावरच चिडतात. रात्री तीन-तीन वेळा लघवीला उठतात, शुगर नॉर्मल आहे. बीपीच्या तीन गोळ्या चालू आहेत तरी दीडशेच्या खाली येत नाही. सासूबाई म्हणतात घोरतो म्हणजे गाढ झोपतो, कष्टाचं शरीर आहे. डॉक्टरांनी स्लीप स्टडी सांगितलीये तर हे म्हणतात झोपायची कसली आलीये टेस्ट. काय करू? — एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, तुमच्या एवढ्या वर्णनावरच माझा संशय बऱ्यापैकी पक्का झालाय, आणि सासूबाईंचा मान ठेवून सांगतो, ही गाढ झोप नाही, गाढ झोप त्यांना मिळतच नसणार.

होतं काय की झोपेत अंगातले स्नायू सैल पडतात तसे घशाचेही पडतात, जीभ मागे सरकते, आणि ज्यांची मान जाड किंवा खालचा जबडा मागे किंवा घसा मुळात अरुंद त्यांची हवेची वाट आधी अर्धी बंद होते, तेव्हा घोरणं ऐकू येतं, आणि मग पूर्ण बंद होते, तेव्हा ती तुम्ही म्हणता ती शांतता. छाती आणि पोट श्वास ओढायचा जोर लावतच असतात, पण भिजलेली कागदी स्ट्रॉ जोरात ओढली की आणखीच चपटी होते ना, तसं होतं. १० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ हवा थांबली की त्याला अ‍ॅप्निया धरतात, काहींचा श्वास अर्धा-अर्धा मिनिट थांबतो. रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मेंदू घाबरून धोक्याची घंटा वाजवतो, अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं, माणूस अर्धवट जागा होतो, घसा उघडतो आणि तो घुसमटलेला आवाज येतो. सकाळी यातलं त्यांना काहीही आठवत नाही, म्हणून ते चिडतात, त्यांच्या हिशोबाने ते मस्त झोपलेले असतात आणि तुम्ही उगाच उठवलेलं असतं.

आता हृदयाकडे या. निरोगी माणसाचं बीपी रात्री दिवसाच्या मानाने १० ते २० टक्के उतरतं, रक्तवाहिन्यांना तेवढीच विश्रांती. यांच्यात मात्र प्रत्येक वेळी श्वास सुटला की बीपी उसळी मारतं. रिपोर्टमध्ये एएचआय नावाचा आकडा येतो, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा फार कमी झाला. ५ च्या आत असेल तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. ३० म्हणजे दर दोन मिनिटाला एकदा, रात्रभर. असं वर्षानुवर्षं चाललं की शरीराला त्या ताणाची सवयच लागते आणि मग बीपी दिवसासुद्धा चढलेलं राहतं.

लघवीचंही यातच आलं. बंद घशाविरुद्ध छाती ओढते तेव्हा हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, हृदयाचा समज होतो की अंगात पाणी जास्त झालंय, ते एक हार्मोन सोडतं आणि किडन्या कामाला लागतात. कित्येक पुरुष यासाठी प्रोस्टेटच्या गोळ्या घेत बसतात.

तीन प्रकारच्या गोळ्या पूर्ण डोसमध्ये, त्यात एक लघवी वाढवणारी, आणि तरी बीपी चढलेलं, याला आम्ही हट्टी बीपी म्हणतो. टोरोंटोमधल्या डॉक्टरांनी २००१ साली असे ४१ पेशंट रात्रभर तपासले तर त्यातल्या ८३ टक्क्यांना अ‍ॅप्निया निघाला. अभ्यास लहान आहे पण नंतरच्यांनीही साधारण हीच गोष्ट सांगितलीये.

मिस्टरांना कसं न्यायचं? वाद घालू नका. रात्री मोबाईलवर व्हिडिओ काढा, शांतता आणि त्यानंतरचा श्वास दोन्ही यायला हवेत, आणि दुपारी दुकान बंद असेल तेव्हा दाखवा. स्वतःचा थांबलेला श्वास बघितल्यावर सहसा माणूस गप्प होतो. तोच व्हिडिओ डॉक्टरांनाही दाखवा. टेस्ट म्हणजे आता दरवेळी हॉस्पिटलात झोपावं लागतं असं नाही, अशा उघड केसमध्ये घरीच बोटाला क्लिप, नाकाखाली नळी, छातीला पट्टा लावून एका रात्रीत होते. एक मात्र लक्षात ठेवा, अ‍ॅप्नियाच्या मशीनने (सीपॅप, मास्कमधून हवा ढकलून घसा उघडा ठेवतं ते) बीपी सरासरी दोन-तीन पॉइंटच उतरतं, हट्टी बीपीवाल्यांत काहींना जास्त, त्यामुळे मशीन आलं म्हणून गोळ्या बंद असं मनाने करू देऊ नका.

प्रश्न : वय ६१. हृदयाचे ठोके अनियमित होतात, एएफ म्हणतात ते. शॉक देऊन नीट केलं होतं, काही महिन्यात परत आलं. आता नवीन डॉक्टर म्हणतात झोपेची तपासणी करा. मी जाड नाही, वजन ५८, आणि मी घोरते असं घरात कोणी म्हणत नाही. उगाच खर्चात पाडतायत का? — नाशिक

उत्तर : नाही, माझ्या मते बरोबर विचारतायत. बायकांचा अ‍ॅप्निया वेगळाच दिसतो, मोठ्ठं घोरणं असेलच असं नाही. सकाळी डोकं जड, दिवसभर थकवा, रात्री वारंवार जाग, उगाच उदास वाटणं, आणि मग हे सगळं पाळीनंतरचं म्हणून सोडून दिलं जातं. पाळी गेल्यावर बायकांमध्ये अ‍ॅप्नियाचं प्रमाण खरंच वाढतं. आणि घरात कोणी म्हणत नाही म्हणताय तर कोण जागं असतं तुमच्या घरात ऐकायला, ते आधी बघा. जाडीचं म्हणाल तर आशियाई लोकांमध्ये जबड्याच्या ठेवणीमुळे बारीक माणसालाही हा त्रास होतो, पोट सुटलेलं नसलं तरी घसा अरुंद असू शकतो.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये शॉक देऊन एएफ घालवलेल्यांवर एक अभ्यास झाला होता, २००३ साली छापून आला. अ‍ॅप्नियावर उपचार न घेतलेल्या किंवा अर्धवट घेतलेल्यांपैकी ८२ टक्के लोकांचा एएफ वर्षभरात परत आला, मशीन वापरणाऱ्यांमध्ये ४२ टक्के. आकडे बघून हुरळून जाऊ नका, अ‍ॅप्नियाचे पेशंट त्यात ३९ च होते. नॉर्वेमध्ये नंतर लॉटरी पद्धतीने दोन गट पाडून पाच महिने बघितलं तर मशीनवाल्यांचा एएफ काही कमी झालेला दिसला नाही. म्हणजे मशीन लावलं की ठोके सरळ होतील असं वचन मी देणार नाही. पण वरचा कप्पा रोज रात्री शेकडो वेळा ताणला जात असेल तर ते माहीत तरी असायला हवं, विशेषतः पुढे हृदयातली गडबड करणारी जागा नळीने जाळायचा, म्हणजे अ‍ॅब्लेशनचा विचार असेल तर. रक्त पातळ करायची गोळी दिली असेल तर ती चालूच ठेवायची, रिपोर्ट काहीही येवो.

प्रश्न : सर मी आयटीत आहे, ४६, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीये. एएचआय ३४ आला. मशीनची किंमत ऐकून नेटवर वाचायला बसलो तर एक मोठा रिसर्च सापडला की सीपॅप मशीनने हार्ट अटॅक कमी होतच नाहीत. मग हे सगळं मार्केटिंग आहे का? मला सरळ उत्तर हवंय. — हिंजवडी, पुणे

उत्तर : तुम्ही वाचलंय ते बरोबर वाचलंय. पण अर्धं वाचलंय.

त्या अभ्यासाचं नाव सेव्ह, २०१६ मध्ये आला, ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी चालवला आणि चीन, भारत, स्पेन असे बरेच देश त्यात होते. हृदयविकार किंवा स्ट्रोक आधीच झालेले आणि अ‍ॅप्निया असलेले २७१७ लोक घेतले, अर्ध्यांना सीपॅप दिलं, जवळजवळ चार वर्षं लक्ष ठेवलं. अटॅक, स्ट्रोक, मृत्यू यात फरक नाही पडला. त्याआधी २००५ साली स्पेनमधून सुमारे दहा वर्षांचा अभ्यास आला होता, त्यात तीव्र अ‍ॅप्निया असून मशीन न घेतलेल्या पुरुषांमध्ये हृदयाच्या घटना कितीतरी जास्त होत्या आणि मशीन वापरणारे जवळपास निरोगी लोकांच्या बरोबरीला होते. पण त्यात लॉटरी नव्हती, मशीन ज्यांनी मनाने घेतलं ते मुळातच तब्येत जपणारे असणार, गोळ्या वेळेवर घेणारे असणार, म्हणून सगळ्यांना सेव्हकडून मोठी आशा होती आणि सगळ्यांचा हिरमोड झाला.

आता उरलेलं अर्धं. सेव्हमधल्या लोकांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तास लावलं. सात तास झोपायचं आणि तीन तास लावायचं, आणि पहाटेची झोप, ज्यात स्वप्नं पडतात आणि अ‍ॅप्निया सर्वात वाईट असतो, ती बिनमशीनची. शिवाय दिवसा ज्यांना फार झोप येते असे लोक त्यात घेतलेच नव्हते, कारण त्यांना मशीनशिवाय ठेवणं योग्य नव्हतं, आणि नेमके तेच लोक जास्त धोक्यात असतात असं बऱ्याच जणांचं मत आहे. २०२३ मध्ये सेव्ह आणि आणखी दोन अभ्यास मिळून ४१८६ लोकांचा हिशोब परत मांडला गेला. सरसकट बघितलं तर फायदा शून्यच, पण ज्यांनी रोज चार तास किंवा जास्त लावलं त्यांच्यात पुन्हा हृदय किंवा मेंदूचा झटका येण्याचं प्रमाण साधारण ३० टक्के कमी दिसलं. यावरही तोच आक्षेप घेता येतो, नियमित लावणारा माणूस एरवीही शिस्तीचा असतो, म्हणून मी हे शेवटचं उत्तर म्हणून सांगत नाहीये.

तर सरळ उत्तर असं की अटॅक टाळायचा ताईत म्हणून मशीन घेऊ नका. त्यासाठी तुमची स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, रक्त पातळ ठेवायची गोळी, सिगरेट असेल तर ती सोडणं आणि चालणं हेच पहिलं. पण ३४ हा आकडा तीव्र आहे, दिवसाची झोप, मूड, बीपी आणि गाडी चालवताना लागणारी डुलकी यात मशीनने फरक पडतो. तुम्ही रोज कार चालवत येत-जात असाल तर मला त्या डुलकीची जास्त काळजी वाटते. आणि मार्केटिंगचं म्हणाल तर, हे यंत्र १९८१ साली सिडनीत कॉलिन सलिव्हन या डॉक्टरने व्हॅक्युम क्लीनरची मोटर उलटी वापरून बनवलं होतं, हवा आत ढकलून घसा उघडा ठेवायचा एवढीच कल्पना, तेव्हा कंपनी-बिंपनी काही नव्हती. विकत घेण्याआधी भाड्याने मिळतं का बघा, बऱ्याच शहरांत मिळतं. मास्क नीट बसला नाही तर कितीही महाग मशीन कपाटात जातं.

प्रश्न : ऑनलाइन जुनं सीपॅप अर्ध्या किमतीत मिळतंय, घेऊ का? — अकोला

उत्तर : जपून. कंपनी आणि मॉडेल बघा, फिलिप्सने जून २०२१ मध्ये आतल्या फोमच्या तक्रारीवरून लाखो मशीन परत मागवली होती, त्यातलं एखादं जुन्या बाजारात फिरत असू शकतं. मास्क, नळी, फिल्टर नवीनच घ्या. आणि प्रेशर तुमच्या रिपोर्टप्रमाणे लावून घ्यायचं, आधीच्या मालकाचं प्रेशर तुम्हाला कसं चालेल.

प्रश्न : मी डॅलसला असते, बाबा कोल्हापूरला, ७०. मोठ्या अटॅकनंतर त्यांचं हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांवर आलंय. आई सांगते की झोपेत त्यांचा श्वास हळूहळू मोठा होत जातो, मग लहान लहान होत पूर्ण थांबतो, मग परत सुरू. घोरत अजिबात नाहीत. मी इथून एक भारीतलं मशीन पाठवायचा विचार करतेय, दर श्वासाला स्वतः जुळवून घेणारं. — एक मुलगी

उत्तर : थांबा, ते मशीन पाठवू नका. खरंच सांगतो, या अंकातलं हे सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे.

बाबांचं प्रकरण वरच्या तिघांपेक्षा वेगळं वाटतंय. त्यांचा घसा बंद होत नाहीये, मेंदूकडून श्वास घेण्याचा हुकूमच मधे मधे थांबतोय, याला सेंट्रल अ‍ॅप्निया म्हणतात. वाढत जाणारा आणि विरत जाणारा हा श्वास डब्लिनच्या चेन आणि स्टोक्स या दोन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलाय, आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. कमजोर हृदय, फुफ्फुसात साचणारं पाणी, रक्त मेंदूपर्यंत पोचायला लागणारा उशीर, यामुळे श्वासाचा ताल बिघडतो. म्हणजे इथे गाडी उलटी आहे, हृदयाने झोप बिघडवलीये.

तुम्ही म्हणता त्या मशीनला एएसव्ही म्हणतात. ते श्वास इतका छान सरळ करतं की सगळ्यांना वाटलं हृदयालाही फायदा होणार. मग सर्व्ह-एचएफ नावाचा अभ्यास झाला, १३२५ पेशंट, सगळ्यांचं पंपिंग ४५ टक्के किंवा कमी, आणि २०१५ मध्ये निकाल आला तो उलटाच, मशीनवाल्यांमध्ये हृदयाने होणारे मृत्यू जास्त. का झालं यावर अजून वाद चालू आहेत, पण एवढं कमी पंपिंग आणि सेंट्रल अ‍ॅप्निया असताना मनाने ते लावायचं नाही हे तेव्हापासून ठरलंय.

त्याऐवजी आईला सांगा, हा श्वासाचा प्रकार व्हिडिओ काढून कार्डिओलॉजिस्टना दाखवायचा, रोज सकाळी वजन करून वहीत लिहायचं, दोन-तीन दिवसात दोन किलो वाढलं किंवा पाय सुजले तर लगेच फोन करायचा. हार्ट फेल्युअरच्या गोळ्या नीट बसवल्या की हा श्वास पुष्कळदा आपोआप सुधारतो. डोकं थोडं उंच ठेवून, कुशीवर झोपवलं तरी बरं वाटतं. झोपेची गोळी मात्र कोणाच्या सांगण्यावरून देऊ नका.

प्रश्न : व्हॉट्सॅपवर आलंय की शंख वाजवल्याने घोरणं जातं. खरं की फॉरवर्ड? — पंढरपूर

उत्तर : फॉरवर्डच आहे पण यावेळी मुळात काहीतरी आहे! जयपूरच्या एका हार्ट सेंटरने मध्यम अ‍ॅप्नियाचे ३० पेशंट घेतले, काहींना शंख फुंकायला शिकवलं, आठवड्यातून पाच दिवस किमान १५ मिनिटं, बाकीच्यांना दीर्घ श्वसन. सहा महिन्यांनी शंखवाल्यांची दिवसाची झोप कमी झाली आणि तासाला चार-पाच अ‍ॅप्निया कमी झाले. २०२५ मध्ये युरोपातल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आलंय. घशाचे आणि टाळूचे स्नायू घट्ट होतात असा त्यामागचा विचार आहे, स्विस लोकांनी डिजेरिडू या ऑस्ट्रेलियन वाद्यावर २००६ सालीच असं करून बघितलंय. पण ३० म्हणजे मूठभर माणसं, आणि एएचआय ४० वाल्याचा ३५ झाला तर तो तीव्रच राहिला. आवडत असेल तर जरूर वाजवा, उपचार चालू ठेवून. काचबिंदू किंवा हर्निया असेल तर आधी विचारा. आणि शेजाऱ्यांचाही विचार करा.

प्रश्न : वय ३४, माझ्या वॉचने अ‍ॅप्नियाची शक्यता आहे असं नोटिफिकेशन दिलं. आई तेव्हापासून बप्पी लाहिरींचं उदाहरण देऊन रडतेय. झोपेतच जातात का लोक यात? — ठाणे

उत्तर : बप्पीदा फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले तेव्हा डॉक्टरांनी कारणांमध्ये अ‍ॅप्निया सांगितला होता, त्यामुळे हा शब्द घरोघरी पोचला, पण त्यांना इतरही बरेच आजार होते, वय ६९ होतं. तुमची आणि त्यांची तुलना नको.

वॉच निदान करत नाही, तपासून घ्या एवढंच सांगतं. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये अ‍ॅपलच्या या सोयीला परवानगी मिळाली तीही तेवढ्यापुरतीच. आणि नोटिफिकेशन आलं नाही म्हणजे तुम्हाला नाहीच, असंही नसतं. झोपेतल्या मृत्यूबद्दल खरं ते सांगतो. अचानक हृदय बंद पडून गेलेल्या ११२ लोकांच्या झोपेचे जुने रिपोर्ट मेयो क्लिनिकने काढून बघितले होते, २००५ सालचा अभ्यास. एरवी असे मृत्यू सकाळी उठल्यानंतर जास्त होतात, पण अ‍ॅप्नियावाल्यांपैकी ४६ टक्के मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळात गेले, बाकीच्यांत हे प्रमाण २१ टक्के. म्हणजे वेळ कुठली ते कळलं, तुमच्या वाट्याला ते येणारच असं त्यातून निघत नाही. टेस्ट करा, वजन जास्त असेल तर १० टक्के जरी उतरलं तरी एएचआय चांगला खाली येतो, आणि झोपण्यापूर्वी पेग घेत असाल तर ते आधी बंद करा, दारूने घसा आणखी सैल पडतो. वजनाच्या इंजेक्शनबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय, टिर्झेपटाईडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळालीये, पण ते सवडीने पुढच्या अंकात.

प्रश्न : गुडघ्याचं ऑपरेशन आहे, मी सीपॅप लावतो, हॉस्पिटलात न्यायचं का? — रत्नागिरी

उत्तर : न्यायचंच, काका. मास्क, नळी, चार्जिंगची वायर सगळं एका पिशवीत, वर नाव लिहून. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना ऑपरेशनच्या आधीच्या भेटीतच सांगा, फाईलवर लिहून घ्या, कारण भुलीची औषधं आणि नंतरची दुखण्याची जोरदार इंजेक्शनं दोन्ही घसा सैल करतात आणि श्वास मंद करतात. ऑपरेशननंतर पहिल्या काही रात्री बोटाला ऑक्सिजनची क्लिप लावून ठेवा असं नर्सना आठवण करून द्यायला घरचं एक माणूस जवळ असू द्या.